पैसे आप्पांचे, ओटीपी माझा

आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगते. इंजिनिअरिंगचा निकाल लागला तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लोणी काळभोरला रस्त्याच्या कडेला माझा फ्लेक्स लावला होता. त्यात मी भरजरी साडीत होते, कारण घरात माझा बरा फोटो एका चुलत बहिणीच्या लग्नातलाच सापडला. खाली 'अभिनंदन' आणि शुभेच्छा देणाऱ्या सगळ्या चुलत्यांचे फोटो. ते माझ्यापेक्षा मोठे.

पदवीबरोबर एक काम न मागता माझ्याकडे आलं. बँक, गॅस, विमा, विजेचं बिल, जिथे म्हणून मोबाइल नंबर मागतात तिथे घरच्यांनी माझा नंबर दिला. आप्पांकडे फोन होता, पण त्यांच्या हिशेबी इंग्रजीत आलेला मेसेज हा मलाच आलेला असतो. पुढे मी नोकरीला लागले, कोथरूडला भाड्याने खोली घेतली, तरी आईने तिकडे सिलिंडर सांगितला की इकडे माझा फोन वाजायचा. मग आईचा फोन, "तायडे, नंबर आला का गं?" मी वाचून दाखवायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आपल्यावाचून घराचं पान हलत नाही, हे कुणाला आवडत नाही?

नोकरी लागली ती गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या कंपनीत. इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीला आपली गाडी आपोआप चालवायची होती, आणि त्याच्या चाचणीचं काम आमच्याकडे होतं. मी चालकाच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचे. गाडी स्वतः चालायची. चालकाचे हात मांडीवर, पण तयारीत. गाडीला काही सुचेनासं झालं की तो स्टिअरिंग धरायचा. त्याला आम्ही 'हात लागला' म्हणायचो. हात कुठे लागला आणि कशामुळे, एवढं नोंदवणं हे माझं काम. उलट्या दिशेने येणारा दुधवाला. अर्धा रस्ता अडवून घातलेला मांडव. गाड्यांकडे न बघता नुसता तळहात पुढे करून रस्ता ओलांडणाऱ्या काकू. पुण्यात तेवढ्यावर गाड्या थांबतात. आमच्या गाडीला मात्र त्या तळहाताचा अर्थ लागायचा नाही.

हात किती वेळा लागतो, हे बाहेर बोलायचं नाही, अशी सही दिलेली. कारण त्या गाडीवाल्या कंपनीचा शेअर बाजारात होता आणि तो या एकाच प्रश्नावर झुलत होता. टीव्हीवर टाय लावलेली माणसं रोज संध्याकाळी भांडायची. एक म्हणायचा, उद्या या गाड्या मालक झोपलेला असताना रस्त्यावर फिरून भाडं कमावून आणतील, आताच घेऊन ठेवा. दुसरा म्हणायचा, नुसता फुगा आहे. मी पोळीभाजी खात ऐकायचे. त्यांच्यापैकी कुणीही त्या गाडीत बसलेलं नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

घोटाळा असा झाला की आमच्या चाचणीचा एक रस्ता हडपसरच्या पुढे सोलापूर हायवेने जायचा. म्हणजे माझ्या गावावरून.

हायवेच्या चहाच्या टपरीवर नाना बसायचे. नाना म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. त्यांनी आपल्या वाट्याची बरीच जमीन प्लॉट पाडून विकली होती, आणि आता ते आणि त्यांचे चार सोबती सकाळपासून मोबाइलवर शेअर घ्यायचे, विकायचे. छपरावर कॅमेरे लावलेली गाडी आणि आत पुतणी, हे एकदा त्यांच्या नजरेस पडलं, आणि त्या गाडीवाल्या कंपनीच्या शेअरचा त्यांचा अभ्यास सुरू झाला.

"तायडे, आज डायवरचा हात न्हवता," नाना फोनवर.

"नाना, मी काही बोलू शकत नाही."

"तू नको बोलू. आम्हाला डोळं हायती की."

डोळे होते, पण टपरीसमोरचा रस्ता म्हणजे सरळसोट दुभाजकाचा. तिथे गाडी शहाण्यासारखी चालायची. पुढे गावाच्या फाट्यावर, जिथे ट्रॅक्टर, वडापच्या जीपा आणि शाळा सुटलेली मुलं एकदम येतात, तिथे काय व्हायचं ते टपरीवरून दिसत नव्हतं. हे मी नानांना सांगू शकत नव्हते. ते टपरीवर बसून कंपनीचं भविष्य ठरवत होते, आणि त्यांच्या मागे अख्खी भावकी.

पुढे पुढे ते गाडी सोडून मलाच वाचायला लागले. मी जुनी पेट्रोलची स्कूटर घेतली. कारण एवढंच, की इलेक्ट्रिक घ्यायची म्हणून मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय विचारली, तर ते म्हणाले, "इथे माणसांच्या पाण्याची सोय होत नाही, आपण वाहनाच्या विजेचं विचारताय." विषय संपला. पण स्कूटरवर मी गावाला गेले, आणि नानांनी दुसऱ्या दिवशी हातातले त्या कंपनीचे सगळे शेअर विकून टाकले. आतली पोरगी पेट्रोलची गाडी घेते म्हणजे काहीतरी वास येतोय. शेअर त्यानंतर वर गेला. नाना आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

"नाना, सोसायटीत प्लग नाही म्हणून घेतली मी ती स्कूटर!"

"मग तसं आधी सांगायचं न्हाई का?"

हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमारास आमच्या रानातला एक तुकडा सरकारने रस्त्यासाठी घेतला आणि त्याचे पैसे आप्पांच्या खात्यात आले. विहिरीजवळचा तुकडा, आमच्याकडचा सगळ्यात चांगला. आप्पांना ते पैसे पैसे वाटतच नव्हते. ते म्हणायचे, "माझं रान तिथं बँकेत पडीक पडलंय." पडीक रान त्यांना बघवायचं नाही. त्याच्या जागी काहीतरी उभं राहिलं पाहिजे, आणि ते चुकलं तर तसलं दुसरं रान नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते एका रविवारी बस बदलत बदलत कोथरूडला आले. मेथी, कांद्याची पात, पिशवीभर शेंगा. कॉटवर टेकले, पाणी प्यायले.

"एकच इचारतो. व्हय म्हण, न्हायतर न्हाई म्हण. घालू का नानाच्या त्या गाडीत?"

"आप्पा, मला बोलता येत नाही."

"का? घसा बसलाय?"

"सही दिलीय मी. नोकरी जाईल."

"बापाशी बोलायला सही आडवी येती व्हय."

"येते."

मी चहा टाकला. पाठीमागून ते माझ्याकडे बघतायत हे मला जाणवत होतं. मला त्यांना धरून सांगायचं होतं, की आप्पा, कालच फाट्यावर किती वेळा हात लागला माहितीये का? पण मी सांगितलं असतं तर ते नानांना सांगणार, नाना टपरीला सांगणार, आणि टपरीवरून ते कुठे गेलं असतं याचा नेम नव्हता. मी कपात चहा ओतला.

"मंजी हाय कायतरी," आप्पा म्हणाले.

"मी तसं म्हणाले नाही."

"पर न्हाई तरी कुठं म्हणालीस?"

आमच्याकडे पाहुणे मुलगी बघून गेले की तिला विचारतात, आणि ती काही बोलली नाही की पेढे आणायला माणूस सुटतो. आप्पांनी तोच हिशेब इथे लावला. पोरगी गप्प बसली, म्हणजे होकार. संध्याकाळपर्यंत ही बातमी लोणीत पोचली होती, नानांनी विकलेले शेअर पुन्हा घेतले, आणि ज्यांनी आधी घेतले नव्हते त्यांनीही घेतले. माझ्या तोंडातून एक शब्द न निघता.

मग बाजारात आवई उठली, की कंपनी या आठवड्यात गाडीबद्दल काहीतरी मोठं जाहीर करणार. टीव्हीवरच्या टायवाल्यांचा आवाज चढला. नानांनी आप्पांच्या नावाने शेअरचं खातं उघडून दिलं. आता बँकेतले पैसे तिकडे वळवायचे, एवढंच राहिलं होतं.

हडपसरच्या गर्दीत आमची गाडी रांगत होती तेव्हा माझ्या फोनवर मेसेज आला. रक्कम मी दोनदा वाचली. विहिरीजवळचा अख्खा तुकडा होता तो, एका ओळीत. खाली सहा आकडे आणि नेहमीची सूचना, हा नंबर कुणालाही सांगू नका. लगेच फोन.

"तायडे, नंबर आला का गं?" आवाज नानांचा, सिलिंडर सांगतानाचे शब्द.

"आप्पा कुठेत?"

"हितंच हायती. नंबर सांग लवकर, मुदत संपती."

मी आकडे बघत होते. सांगितले, तर ज्या गाडीत मी बसले होते त्याच गाडीवर बापाचे पैसे मी माझ्या हाताने लावले असा त्याचा अर्थ, आणि नोकरीवर पाणी. नाही सांगितले, तर नाना क्षणात ओळखणार की पोरीला काहीतरी वाईट माहितीये. म्हणजे नकार हाच निरोप. बोलले तरी बोलले, गप्प बसले तरी बोलले.

"अगं सांग की! झोपलीस काय?"

तेवढ्यात एक टेंपो गल्लीतून मागे मागे येत थेट आमच्यासमोर घुसला. गाडीने वेग कमी केला नाही. चालकाने कचकन ब्रेक दाबून स्टिअरिंग फिरवलं, आणि माझा लॅपटॉप माझ्या पोटात घुसला. फोनवर नाना ओरडतच होते. चालक घाम पुसत म्हणाला, "मॅडम, घरचं काय ते नंतर बघा. आधी नोंद करा, हात लागला."

मी नोंद केली. मुदत संपली. दुसरा मेसेज आला, दुसरा फोन आला. मी फोन बंद केला. बंद करतानाच लक्षात आलं, की आता हीसुद्धा टपरीवर बातमी झाली.

ऑफिसात नियम सांभाळणारे एक गृहस्थ होते. शनिवार पेठेतले, घरचा डबा आणणारे, वाक्याला वाक्य न जोडणारे. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. टपरी, स्कूटर, पडीक रान, सगळं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"वडील आपल्यावर अवलंबून आहेत?"

"नाही. स्वतःचं रान आहे त्यांचं."

"शेअर घेताना आपला सल्ला घेतात?"

"तेच तर चाललंय."

"मग त्यांना घेता येणार नाहीत. सल्ला न घेता स्वतःच्या अकलेने घेतले, तर आमची हरकत नाही. बाजारात पुष्कळ लोक तसंच करतात."

"पण ओटीपी माझ्या फोनवर येतो."

ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "अहो, मग सल्ला काय वेगळा असतो? नंबर बदला. आणि हे आधी येऊन सांगितलंत ते बरं केलंत. नंतर सांगणाऱ्यांची जागा वेगळी असते."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गावाला गेले. आप्पा ओट्यावर बसले होते, नाना शेजारी, मोबाइल चार्जिंगला लावलेला. मी चप्पल न काढताच म्हणाले, "आप्पा, पासबुक घ्या. बँकेत जाऊ. खात्याला तुमचा नंबर लावायचाय."

"कशाला?" नाना उठलेच. "उद्या सकाळी जाहीर व्हायचंय, आन तू आज नंबर बदलती?"

"पैसे आप्पांचे आहेत. नंबर आप्पांचा पाहिजे. मग घ्या नाहीतर ओढ्यात टाका, मला विचारू नका, सांगूही नका."

 आप्पा हळूच म्हणाले, "येगळी निघतीस व्हय?"

 आमच्याकडे वेगळं निघणं म्हणजे चूल वेगळी, बांध वेगळा, बोलणंसुद्धा मोजून. पोरीने आपला नंबर काढून घेणं त्यांना तसंच वाटलं. मी किती समजावलं, की आप्पा, बाकी सगळं आहे तसंच, गॅस, वीज, सगळं माझ्याकडे, फक्त हे एक. त्यांनी पासबुक कोटाच्या खिशात घातलं आणि स्कूटरवर मागे बसले. रस्ताभर त्यांचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. मागच्या दांडीला धरून बसले होते.

बँकेत काउंटरवरच्या बाईंनी अर्ज घेतला, आप्पांचा फोन तपासला, आणि सहज म्हणाल्या, "नंबर बदलला की एक दिवस मोठी रक्कम ऑनलाइन जात नाही हं. सेफ्टीसाठी."

हे मला माहीत नव्हतं. आजही शपथेवर सांगेन. पण मागून आलेल्या नानांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मग चढला.

"वा गं वा! शिकलेली पोरगी! बापाचा हात बरोब्बर धरलास!"

"नाना, मला खरंच..."

"तुला समदं ठाऊक असतं. तुझा फ्लेक्स उगा लावला न्हवता आम्ही."

बँकेतले लोक बघत होते. आप्पा काउंटरशी उभे होते, बाई सांगत होत्या तिथे सही करत होते. सही झाल्यावर त्यांच्या फोनवर मेसेज आला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, ओठ हलवत एकेक आकडा जुळवला, आणि बाईंना वाचून दाखवला. कुणाच्या मदतीशिवाय. नाना निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीने जाहीर केलं, की आणखी काही शहरांत चाचण्या सुरू करणार. बस, एवढंच. गाडी कधी विकणार, काही नाही. मी ऑफिसात सगळ्यांबरोबर स्क्रीन बघत उभी होते, आणि मनात ठरवून टाकलं होतं की आता शेअर पडणार. यात नवीन ते काय? आम्ही वर्षभर तेच करत होतो. आणि शेअर असा काही उसळला, की टायवाले खुर्चीतून उठायचे बाकी राहिले. फाट्यावर काय होतं, हात किती वेळा लागतो, याच्याशी त्या उसळीचा काडीचा संबंध नव्हता. जे गुपित मी जीव टांगणीला लावून सांभाळलं, ते बाजाराला नकोच होतं. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. अपमान झाल्यासारखं वाटलं.

नानांनी कोथरूडला पेढ्यांचा बॉक्स पाठवून दिला. चिठ्ठी नाही, काही नाही. पेढे कडू लागावेत इतपत तो निरोप स्पष्ट होता.

आप्पांनी दोष दिला नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. रोज बाजार बंद झाला की त्यांचा फोन यायचा.

"आज बी वर गेला."

"हं."

"नाना म्हणतो, अजून जाणार."

"हं."

"बरं, जेवलीस का?"

रोज तेच. मी फोनची वाट बघायचे आणि पहिल्या रिंगलाच उचलायचे. 'आप्पा, आता नका घेऊ' एवढं म्हणायचीही मला चोरी होती, आणि एव्हाना मी म्हणाले असते तर त्याला काय आधार होता, तेही मला सांगता आलं नसतं. गाडी आहे तिथेच होती. फाट्यावर अजून हात लागत होता. शेअर कुठल्या कुठे गेला होता.

मग एक दिवस बाहेरच्या देशातल्या कसल्याशा बातमीने सगळा बाजारच कोसळला. हा शेअर सगळ्यात जास्त. त्या संध्याकाळी आप्पांचा फोन आला नाही. मी कुकर लावला, उतरवला, फोन हातातच. शेवटी मीच लावला.

"आप्पा, जेवलात का?"

"बसतोय." मागे टीव्हीचा आवाज. "नानाचं लई गेलं. तोंड धरून बसलाय ओट्यावर."

"तुम्ही?"

"मी कुठं घेतलं? नंबर माझा हाय, पर मी तो एकदाबी वापरला न्हाई." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "तुला ठाऊक हुतं व्हय हे?"

"नाही आप्पा. गाडी ठाऊक होती. हे नव्हतं."

"मग हे कुणाला ठाऊक असतं?"

"कुणालाच नाही वाटतं."

"आन नाना तर म्हणतो, तूच वाचवलंस मला. आता पुन्हा टपरीवर तुझंच चाललंय. पोरीला समदं आधीच कळलं हुतं म्हणत्यात."

मी डोक्याला हात लावला. आप्पा हसले, बऱ्याच दिवसांनी.

पैसे अजून त्यांच्या खात्यात आहेत. बँकेचे मेसेज ते स्वतः वाचतात, अडलं तर काउंटरवरच्या बाईंना जाऊन विचारतात. मध्ये कुणी त्यांना ठिबक सिंचनाचं सांगितलं, कुणी रोपवाटिकेचं, कुणी हायवेला गाळा घेण्याचं. हे मला आईकडून कळतं. आप्पा मला काही विचारत नाहीत, कारण विचारू नका असं मीच ओट्यापुढे उभं राहून सांगितलं होतं. ठिबकच्या बाबतीत मी कुठे सही दिलेली नाही. तिथे मला चांगलं बोलता येतं, आणि त्यांनी एकदा विचारावं असं मला फार वाटतं.